चांदीच्या तारेचा फ्यूज

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं "हो, हो" म्हणत राहतेस, म्हणून सगळं कागदावर लिहितो. बातमी चांगली आहे. बसून वाच.

हाताने ओढलेल्या चांदीच्या तारेला आता गिऱ्हाईक नाही हे तुला माहीतच आहे. यंत्रावर ओढलेली तार रिळांनी मिळते, मग आमच्याकडे कोण येतो? गेली दोन वर्षं बाबा आणि मी जुन्या साखळ्या उजळायच्या, तुटलेले आकडे बसवायचे, एवढ्यावरच होतो. बाबांचे हात आता थरथरतात, पण रोज सकाळी दुकानात येऊन बसतात. तार ओढायची जंत्री समोर मोकळी आणि ते तिच्याकडे बघत बसलेले, हे मला बघवत नव्हतं.

मग डॉक्टर आले. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहतात, आता निवृत्त आहेत. गाणी ऐकण्याचा भारी नाद. त्यासाठी घरात वेगळी खोली, जुना दणकट अँप्लिफायर, माणसाच्या छातीपर्यंत येणारे स्पीकर. त्यांनी खिशातून काचेची एक नळी काढून माझ्यासमोर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, दोन्ही टोकांना टोप्या, आत केसासारखी तार. म्हणाले, "हा अँप्लिफायरचा फ्यूज, कंपनीने बसवलेला. बाहेरचे भारी फ्यूज घातले की आवाज उजळतो म्हणतात, पण त्यांचे भाव ऐकून मलाच चक्कर येते. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चांदीची तार ओढतात. यात चांदी घालून बघता का?"

मी घातली. कंपनीच्या तारेपेक्षा जरा जाडच घेतली, म्हणजे वीज ऐसपैस जाईल. डॉक्टर डोळे मिटून ऐकत बसले आणि मग म्हणाले, "खिडकीची काच कोणीतरी पुसली बघ." त्यांनी मित्रांना सांगितलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आता मी नळ्या आणि टोप्या बाहेरून आणतो, तार आपली. तुझी सूनबाई दागिन्यांच्या छोट्या डब्यांना आतून निळं मखमल लावते आणि प्रत्येक डबीत एक फ्यूज ठेवते. म्युझिक सिस्टिमच्या एका मोठ्या दुकानाने भरपूर माल मागवला आहे. बाबा पुन्हा जंत्रीजवळ बसून मला चुका सांगायला लागलेत. त्यांना असं किती दिवसांनी बघतोय.

आता तुझ्याकडे मागणं. तू आयुष्यभर विजेच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतीस, तिची प्रमुख म्हणून निवृत्त झालीस. डबीवर छापायला तुझ्या दोन ओळी आणि खाली तुझी सही हवी. सोबत सहा फ्यूज पाठवतो. घराण्याची चांदी आणि घराण्याचीच सही, याहून मोठं काय असणार?

तुझा
बारक्या


२४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फ्यूज पोचले. आधी भिंग काढून तार पाहिली. सुरेख आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडीत तसूभर फरक नाही, कुठे ओरखडा नाही. दादाच्या हाताखाली तयार झालेला हात लपत नाही. बघताना ऊर भरून आला. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तू हे विसरणार आहेस.

फ्यूज घेऊन मी जुन्या प्रयोगशाळेत गेले. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथे प्रमुख आहे. तिने चहा मागवला आणि एक यंत्र मोकळं करून दिलं. डबीवर तू दोन अँपियर छापलं आहेस. दोनला फ्यूज टिकला, तो टिकायलाच हवा. मग आम्ही वीज वाढवून चारावर नेली. अशा वेळी फ्यूजने थोड्याच वेळात तुटावं. आमचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, हा आपला तसाच. तार लाल झाली, टोपीतलं कथील वितळलं, टोपी एका बाजूला कलली, पण तार काही तुटेना. दुसरा सहालाही टिकला. तिसरा चाराच्या जरा पुढे गेल्यावर उडाला. एकाच जंत्रीतली तीन भावंडं, पण एका घरातली वाटेनात.

चूक कुठे झाली ते तुझ्याच पत्रात आहे. कंपनीची तार तांब्याची, आणि चांदीतून वीज तांब्यापेक्षा सहज जाते. म्हणजे तार कंपनीच्या तारेपेक्षा बारीक हवी होती, ती तू जाड घेतलीस. आवाजाबद्दल मी एक अक्षर लिहीत नाही. मी एवढंच बघते की हा फ्यूज वेळेवर तुटतो का.

बाहेरचा फ्यूज घातला म्हणून घरातला अँप्लिफायर बिघडतो का, असं मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. कोणीही बनवलेला असो, माप खरं असलं आणि काम नीट असलं की काही बिघडत नाही. पण माप खोटं असेल तर तो फ्यूजच नव्हे, नुसती तार. आत एखादा भाग निकामी झाला की यंत्र बेसुमार वीज ओढायला लागतं. त्या वेळी फ्यूज तुटला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो. दैव फिरलं तर शेजारचा पडदाही.

म्हणून सही देत नाही. दुकानाचा माल आत्ता पाठवू नकोस. विकलेले फ्यूज परत घे. आणि बारक्या, तार बारीक कर. बाकी सगळं तुझ्या हातात आहे, अगदी खरंच हातात आहे.

दादाला नमस्कार.

तुझी आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. त्यांना आता कुठे उभारी आली आहे.

प्रयोगशाळेत तुम्ही फ्यूजला छळून छळून मारता. घरात कोण त्याला चार अँपियर पाजायला बसलंय? लोक संध्याकाळी गाणी लावतात, ऐकतात, बंद करतात. मी आजवर जेवढे फ्यूज विकले त्यातला एकही उडालेला नाही. एकाही घरातून तक्रार नाही. हे प्रमाणपत्र मला पुरेसं आहे, दुसऱ्या कोणाच्या सहीवाचून अडत नाही.

आणि राहिला आवाज. राग मानू नकोस, पण जिला दारावरची बेल ऐकू येत नाही तिने आवाजाच्या धंद्यात मला शहाणपण शिकवावं, हे काही बरं दिसत नाही.

दुकानाचा माल ठरल्याप्रमाणे जाईल.

बारक्या


९ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

राग मानला. एक दिवस मानला, मग भाजी जळायला लागली म्हणून सोडला.

बेल ऐकू येत नाही हे खरं. म्हणून मी दाराला दिवा जोडून घेतला आहे. बाहेर कोणी बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागतो. स्वतः जोडला, कोणाला बोलावलं नाही. कान गेले म्हणून अक्कल त्यांच्याबरोबर गेली नाही. आणि आवाजाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पत्र पुन्हा काढ आणि वाच.

एकही फ्यूज उडाला नाही, असं तू छाती फुगवून लिहिलंस. मला तर त्याचीच भीती आहे. रखवालदार कधीच ओरडला नाही म्हणून चोर आलेच नाहीत असं होत नाही. झोपलाही असेल बिचारा.

तुझ्या बापाने मला जंत्रीवर कधी बसू दिलं नाही, पोरींचं काम नव्हे म्हणून. मी विजेकडे गेले. तिथेही म्हणाले, सोनाराची मुलगी, ही काय तपासणार, चमक बघेल. पुढे त्याच लोकांच्या वस्तू माझ्या टेबलावर येऊन पडायच्या. सही केली नाही की मालक आवाज चढवायचे, वरून फोन यायचे. मी सही करायची नाही आणि वेळ झाली की घरी जायची. बाजारात एखाद्या वस्तूवर माझी सही दिसली की लोक पुढे काही विचारत नसत. ते मी कमावलं आहे. ते भाच्याला लाडाने द्यायची चीज नव्हे. आपल्या घरात हिणकस चांदीवर शिक्का मारायची रीत कधी नव्हती, आणि मी त्याच घरातली आहे.

आता तुला पटेल तेव्हा लिही. मी लिहिणार नाही.

आत्या


२१ एप्रिल

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. मी लिहिते आहे हे यांना माहीत नाही. तुमचं पहिलं पत्र मी वाचलं आहे. यांनी ते कपाटात ठेवलं होतं, फाडलं नव्हतं.

परवाच्या रविवारी दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना गाणी ऐकायला बोलावलं होतं. त्यांचे चार-पाच मित्रही होते. डॉक्टर प्रत्येकाला यांची ओळख करून देत होते, "फ्यूज यांचा." हे नुसते हसत होते. खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. त्या डब्यांना मखमल मीच लावते ना.

गाणं चालू असताना मध्येच घरघर झाली आणि आवाज बुडाला. सगळे स्पीकरकडे बघायला लागले. मला वास आला, वार्निश तापून जळावं तसा. मी म्हटलं, "काहीतरी जळतंय." कोणाचं लक्ष नव्हतं. एक जण म्हणाले, "थांबा, येईल परत." तेवढ्यात अँप्लिफायरच्या मागून धूर निघाला. डॉक्टरांच्या पत्नी आतून धावत आल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. वरची पुस्तकांची फळी खालून काळी पडली आहे. कोणाला इजा झाली नाही. पण तो अँप्लिफायर डॉक्टरांनी पहिल्या नोकरीत असताना घेतलेला. लग्नाआधीपासूनचा आहे म्हणून त्यांच्या पत्नी त्याला सवत म्हणतात. डॉक्टर त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, आतला एक भाग गेला आणि त्यापायी ट्रान्सफॉर्मर जळला, यंत्राचं वय झालं की असं होतं. यांच्यावर कोणी बोट ठेवलं नाही. उलट डॉक्टर म्हणाले, "एवढं सगळं जळलं, पण तुझा फ्यूज बघ, जसाच्या तसा." आणि कौतुकाने तो यांच्या हातावर ठेवला. यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो का पडला हे त्या खोलीत मला एकटीला कळलं.

तेव्हापासून हे धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. फ्यूज कामाच्या पाटावर ठेवला आहे. मामंजींनी काही विचारलं नाही. काल त्यांनी तो उचलून उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि परत जागेवर ठेवला. मोठ्या दुकानाचा माल चांदी उशिरा आल्यामुळे मार्चमध्ये गेला नव्हता. आता तो बांधून तयार आहे आणि महिनाअखेरीला दुकानाची गाडी न्यायला येणार आहे. हे त्या खोक्यांना हात लावत नाहीत आणि "नका पाठवू" असंही म्हणत नाहीत.

तुम्ही रागावला असाल तर हक्क आहे तुमचा. पण मी काय करू तेवढं सांगा.

आपली सून


२५ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

सगळे स्पीकरकडे बघत होते आणि तू नाकाने कारण शोधलंस. आमच्या खात्यात असतीस तर मी तुला सोडलं नसतं.

मी त्याला लिहिणार नाही. आत्ता लिहिलं तर तो माझ्याशी भांडत बसेल, आणि त्याला सध्या स्वतःशी भांडायचं आहे. ते त्याला करू दे. माणूस दोषी असून कोणी दोष देत नाही, याच्यासारखं जड ओझं नाही. ते फार दिवस उचलून धरणारा तो नव्हे. लहान असताना शेजारणीच्या कुंडीला धक्का लागला, तर ही रडत रडत स्वतःच सांगायला गेलेली स्वारी. दादाचा मुलगा आहे तो. तू त्याला जेवायला वाढ, सल्ला वाढू नकोस.

पण एक. गाडी यायच्या आदल्या दिवशीपर्यंत तो बोलला नाही, तर माझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दे. मी येईन आणि खोकी स्वतः उघडीन. तेवढी ताकद अजून आहे या हातांत.

तुझी
आत्याबाई


१९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी सूनबाई म्हणते, "मी आत्याबाईंना काही कळवलेलं नाही." ती हे न विचारता दोनदा म्हणाली, तेव्हा तुला सगळं ठाऊक असणार असं धरून लिहितो.

दुकानाची गाडी आली त्या सकाळी मी खोकी दिली नाहीत. मालक स्वतः गाडीबरोबर आले होते. मी त्यांना सांगितलं की डबीवर दोन लिहिलंय आणि आतला फ्यूज चारलाही तुटत नाही. त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "हे तुम्हाला आणि मला सोडून कोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, "माझ्या आत्याला." ते म्हणाले, "ती कुठे असते?" मी म्हटलं, "लांब." "मग झालं तर," ते म्हणाले. आत्या, त्या क्षणी मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "तुम्ही तिला ओळखत नाही." गाडी रिकामी गेली.

मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांना वाटलं मी समाचाराला आलोय. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि तोच फ्यूज टेबलावर ठेवून म्हटलं, "हा तुटायला हवा होता. तुटला नाही, म्हणून तुमचा ट्रान्सफॉर्मर जळला. तार मी जाड घेतली. मला आधी कळवलं होतं, मी ऐकलं नाही." डॉक्टरांनी फ्यूज माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "आज तू गेलास तर बरं."

मी आलो. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

मग घरोघर हिंडलो. फ्यूज परत मागितले, डबीचे पैसे दिले, कंपनीचा साधा फ्यूज स्वतः बसवून दिला. बहुतेकांनी समजून घेतलं. एक गृहस्थ मात्र फ्यूज द्यायला तयारच होईनात. "असा आवाज मी जन्मात ऐकला नाही," म्हणाले. मी म्हटलं, "आवाज ठेवा, फ्यूज द्या." मी साधा बसवला, गाणं लावलं, आणि ते डोळे मिटून म्हणाले, "अरे, हा तर त्याहून गोड आहे." आता आवाजाबद्दल मीही एक अक्षर लिहीत नाही.

बाबांना सगळं सांगितलं. तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली, पोरींचं काम नव्हे ते वाक्यसुद्धा. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तेव्हा तिला बसू दिलं असतं तर आज दोघं मिळून केलं असतंत." मग मला म्हणाले, "गाडी परत पाठवलीस ना? बास." आणि जेवायला बसले. बास एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटाकडे लक्ष ठेवून मला दोनदा वाढायला लावलं.

चार दिवसांनी डॉक्टर दुकानात आले. गाडीत मागच्या सीटवर अँप्लिफायर चादरीत गुंडाळलेला. म्हणाले, "रागावलो होतो. अजून थोडा आहे. हा कुठे न्यायचा ते सांग." ट्रान्सफॉर्मरची वेटोळी नव्याने गुंडाळून देणारा एक कारागीर मी शोधून ठेवला होता. काम होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बाकावर बसून होतो. शेवटी शेवटी डॉक्टर मला वेढे मोजायला मदत करत होते.

तार माझी आहे, ती मला सोडायची नाही. पण माप मला येत नाही. तू शिकवशील का? आणि त्या बेलच्या वाक्याबद्दल पत्रात काही लिहिण्यापेक्षा समोर येऊन पाया पडतो.

तुझा
बारक्या


२५ मे

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग शेजारणीला वाचून दाखवलं. तिला फ्यूज म्हणजे काय ते कळत नाही, तरी तिने ऐकून घेतलं.

पाया पडायला ये, पण चार दिवस राहायच्या तयारीने ये, आणि वेगवेगळ्या जाडीच्या तारा घेऊन ये. जंत्रीच्या सगळ्यात बारीक भोकांतून ओढलेल्या. प्रयोगशाळेत टेबल सांगून ठेवलं आहे. माझी विद्यार्थिनी कडक आहे, माझ्याहून कडक. तुला सुरुवातीला राग येईल, तो आवर.

काय करायचं ते सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक जाडीची तार जाळून बघायची, कितीला तुटते ते लिहायचं, पुन्हा जाळायची. माप सापडलं तरी थांबायचं नाही. दर खेपेच्या मालातले काही फ्यूज मुद्दाम मारायचे. शितावरून भाताची परीक्षा. ते मारलेले फ्यूज विकता येत नाहीत म्हणून जीव तुटतो, पण ज्याला ते जमत नाही त्याने बांगड्या कराव्यात. आणि टोपीत कथील नको, ते तारेआधी वितळतं. दुसरं काय करायचं ते तू सोनार आहेस, तूच शोध. ते मला येत नाही.

दादाला सांग, जंत्रीवर बसू दिलं नाही याचा मला आता काही राग नाही. थोडा आहे. डॉक्टरांएवढा.

तुझी आत्या


८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून आल्यावर लिहायला इतका उशीर झाला, कारण कामात मान वर करायला सवड नव्हती. टोपीचं कोडं सुटलं. टोपीला मधोमध बारीक भोक पाडतो, तार त्यातून बाहेर काढून तिचं टोक हलकेच ठोकून बसवतो, नथीत मोत्याची तार बसवतात तसं. कथील नाहीच. तुझ्या त्या कडक बाईंना पाठवले, त्यांनी सगळे मारून टाकले आणि कळवलं की सगळे जिथे मरायला हवे तिथेच मेले. हे वाक्य बाबांनी मला तीन वेळा वाचायला लावलं.

डबीवर आता एवढंच छापतो: हा फ्यूज तुमच्या यंत्राची राखण करतो, आवाज बदलेल असं आम्ही म्हणत नाही. मोठ्या दुकानाचे मालक म्हणाले, "असं लिहिलंत तर कोण घेईल?" पहिल्यापेक्षा कमी लोक घेतात, हे खरं आहे. पण डॉक्टरांनी स्वतःच्या अँप्लिफायरमध्ये पुन्हा माझाच फ्यूज बसवला. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "जो माणूस येऊन सांगतो त्याचाच घ्यावा."

आणि खरी गोष्ट आता सांगतो. गेल्या गुरुवारी सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. मागे फ्यूज द्यायला तयार नव्हते ना, तेच गृहस्थ. आवाज चढलेला. "तुमचा नवा फ्यूज उडाला. एवढी चांदी घालून हे असं?" मी तसाच निघालो. त्यांच्याकडे घरकाम करताना कोणीतरी स्पीकर हलवला होता आणि मागच्या तारांची उघडी टोकं एकमेकांना चिकटली होती. गाणं लावल्याबरोबर आतला एक भाग गेला. मी फ्यूज काढून उजेडात धरला. तार मधोमध तुटलेली. काचेला आतून चंदेरी वाफ बसलेली.

दुरुस्तीवाला आला, त्याने एक लहानसा भाग बदलला. ट्रान्सफॉर्मर गार, कुठे डाग नाही, वास नाही. मी नवा फ्यूज बसवला आणि गाणं सुरू झालं. गृहस्थ अजून कुरकुरत होते, "टिकला नाही पण." त्यांच्या सासूबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तो गेला म्हणून हे पेटारं वाचलं. तुम्ही त्याचे आभार माना." मग गृहस्थ मला दारापर्यंत सोडायला आले, आणि दोन डब्या आणखी मागितल्या.

उडालेला फ्यूज मागून आणला. बाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी विचारलं, "किती वेळात तुटली?" मी म्हटलं, "पापणी लवायच्या आत." त्यांनी तो खिशात घातला. तेव्हापासून दुकानात जो येईल त्याला काढून दाखवतात, "आमचा फ्यूज उडाला." लोकांना वाटतं नुकसान झालं. ते हळहळतात, "अरेरे, होतं असं कधी कधी." आणि बाबा चिडतात. काल दूधवाल्याला उभं करून त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून समजावली. त्याची सायकल अर्धा तास दारात.

तुझ्याकडून आणखी काही नको आहे. सही मागत नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा
बारक्या


१५ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र सकाळी आलं. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग चांगली साडी नेसले आणि प्रयोगशाळेत गेले. मला तिथे काही काम नव्हतं.

आमच्या प्रमुख बाईंकडे बाहेरगावचे पाच-सहा पाहुणे बसले होते, मोठ्या कारखान्यांतून आलेले. तिने त्यांच्यासमोर तुझ्या फ्यूजचा कागद काढला होता. प्रत्येक फ्यूज कितीला आणि किती वेळात तुटला, त्याचे आकडे. ते कागद एकमेकांकडे सरकवत होते. एकाने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ वाचता आले. हे हाताने कोण करतं, असं विचारत होता.

ती उत्तर द्यायला लागली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "माझा भाचा."

मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने बोलते याचा मला अंदाज राहत नाही, हे तुला माहीत आहे. बाहेर जिन्यावरची माणसं वळून बघायला लागली, त्यावरून वाटतं की बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाले असेन. कोणी मला हळू बोला म्हटलं नाही. म्हणून मी आणखी एकदा सांगितलं.

तुझी आत्या